मुकादमासाठी गिलावा

जानूभाऊ गमरे यांच्या हातच्या भिंतीत चिऱ्यावर चिरा असा बसलेला असे की दोहोंमध्ये पोस्टकार्ड सरकत नसे. रत्नागिरीहून खेडशीच्या पुढे गेलं की त्यांची वाडी. तिथली निम्मी घरं त्यांनीच बांधलेली, बुद्धविहाराची भिंतही त्यांचीच. जांभा दगड नीट तासावा आणि उघडा ठेवावा, त्यावर काही थापू नये, हा त्यांचा बाणा. कुणी सिमेंटच्या गिलाव्याचं नाव काढलं की म्हणायचे, "खरूज झाली तर पावडर लावतात. चांगल्या अंगाला कशाला?" स्वतःच्या घराला तर त्यांनी गिलाव्याचं बोटही लागू दिलं नव्हतं. पडवीतल्या उघड्या चिऱ्यांना पाठ टेकून बसलं की भर वैशाखातही अंग निवायचं.

त्या पडवीत नेहमी एक कुत्रं असायचं. आधी काळू, मग राणी. दोघंही तापानं गेली. अन्न सोडून, कोपऱ्यात तोंड खुपसून. वय झालं असेल, असं जानूभाऊ म्हणायचे. राणीला तीन वर्षंही पुरी नव्हती, हे त्यांची बायको प्रभावती लगेच ऐकवायची.

मग आला मुकादम. जानूभाऊंच्या शेवटच्या कामावर, चिरेखाणीच्या तोंडाशी ते तांबूस पिल्लू सापडलं. हे चिरा तासत बसायचे आणि ते समोरच्या दगडावर डोळे बारीक करून बघत राहायचं. "बघा, काम करी नाय, नुस्ता नजर ठेवतो. मुकादमच हा," असं म्हणत त्यांनी त्याला पिशवीत घालून घरी आणलं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, थापी खुंटीला लागली, मुलगा मुंबईला नोकरीला होता. दिवसभर सोबत अशी मुकादमाचीच.

दुपारचं जेवण झालं की जानूभाऊ त्याला मांडीशी घ्यायचे आणि कानातले, मानेखालचे, बोटांच्या बेचक्यांतले गोचीड एकेक करून चिमटीत धरून काढायचे. पण फोडायचे नाहीत. रक्ताचा डाग एकदा चिऱ्यात मुरला की निघत नाही. पडवीच्या कठड्यावर, तापलेल्या दगडावर ते गोचीड ओळीनं ठेवायचे. उन्हात भाजून मरतील आपोआप. घटकाभरानं पाहावं तर कठडा स्वच्छ. "सुकले नि उडाले," असं म्हणून ते हात धुवायला जायचे. काळूचं असंच केलं होतं, राणीचंही.

भाताची कापणी संपली आणि मुकादमानं भाकरीकडे पाठ फिरवली. अंग चुलीसारखं तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. प्रभावती म्हणाली, "राणीचं असंच झालेलं. आता वय झालं म्हणू नका." रिक्षा करून दोघं त्याला शहरात, जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर मृणाली वयानं त्यांच्या लेकीसारख्या. रक्त तपासून म्हणाल्या, "गोचीडताप आहे. अंगावर गोचीड दिसले होते का, काका?"

"म्हंजे काय! रोज काढतो मी. एक र्‍हाऊ देत नाय."

"काढून टाकता कुठं?"

जानूभाऊंनी सांगितलं, थोडं ऐटीतच. डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "घर जांभ्याचं आहे? बिनगिलाव्याचं?"

"माझ्या हातचं हाय."

"काका, रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि अंडी घालायला भिंतीतली भेग शोधते. हजारोंनी अंडी घालते. पिल्लं बाहेर येतात, पुन्हा कुत्र्यावर चढतात. तुम्ही तिला उचलून दारापर्यंत नेऊन सोडत होतात."

प्रभावतीनं पदर तोंडाला लावला. जानूभाऊंनी विचारलं, "मग आता?"

"महिनाभर गोळ्या. मानेवर टाकायचं हे औषध, दर महिन्याला न चुकता. आणि भिंतीतली भोकं बुजवा."

"कुठली?"

"सगळी."

घरी आल्यावर त्यांनी खराट्यातला एक हीर उपसला आणि कठड्याच्या एका भोकात घालून फिरवला. जांभा म्हणजे भोकांचाच दगड. हिराच्या टोकाला खसखशीसारखं काहीतरी चिकटून आलं, त्यामागून राखाडी, सुरकुतलेली गोचिडीण, आणि मग बारीक पायांचा एक झुपकाच हलत बाहेर सांडला. दुसऱ्या भोकातही तेच. प्रभावती रॉकेल घेऊन धावली. जानूभाऊ मात्र हीर हातात धरून उभेच राहिले. "काळूला पण मीच," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी खुंटीवरची थापी खाली आली. आधी फवारणी केली, मग सिमेंट कालवलं. प्रभावती घमेलं भरून द्यायची आणि जानूभाऊ दुखरे गुडघे पोत्यावर टेकून आपल्याच चिऱ्यांवर माल मारायचे. एकेक रेघ ओळखीची होती. कुठला चिरा कुठल्या खाणीचा, हेही आठवत होतं. शेजारचा धाकू गडग्यावरून, आवाराच्या दगडी कुंपणावरून, डोकावला. "काय जानूभाऊ, खरूज झाली की काय भिंतीला?"

"झाली," जानूभाऊ म्हणाले आणि थापी फिरवत राहिले.

"तोंड बंद कर रे धाकू, नायतर उरलेला माल तुझ्या तोंडात भरीन," प्रभावती म्हणाली. धाकू हसला, पण नंतर पाण्याची कळशी आणून देऊन गेला.

गोळ्यांनी मुकादम उठला. बांगड्याचं डोकं त्यानं काट्यासकट खाल्लं, तेव्हा प्रभावतीनं दुसरंही घातलं. तो पुन्हा अंगणात बसून डोळे बारीक करून कामावर नजर ठेवू लागला. पडवी आतून-बाहेरून राखाडी झाली होती, गुळगुळीत, कुठं सुई शिरायला जागा नाही. गिलाव्यातही जानूभाऊंचा हात लपत नव्हता. आपण केलं ते उशिरा, पण पुरतं केलं, असं त्यांच्या मनात येऊ लागलं.

नव्या गिलाव्याला पाणी मारावं लागतं. सकाळ-संध्याकाळ भिंत भिजायची, जमीन ओली राहायची. मुकादमाला ओलं खपत नसे. तो अंगण ओलांडून काजूखाली गडग्याला अंग लावून झोपू लागला. जानूभाऊंना ते दिसत होतं. झोपू दे, म्हणाले, तिथं वारा तरी आहे. पडवी सुकली तरी त्याची सवय गेली नाही. मानेवरचं औषध पुन्हा टाकायची वेळ आली तेव्हा प्रभावतीनं आठवण केली. "आता कशाला? भिंत बुजली," जानूभाऊ म्हणाले. जन्मभर त्यांचा भरवसा भिंतीवरच होता.

आंब्याला मोहोर आला त्या सुमारास एका सकाळी मुकादम पडवीत येऊन भिंतीला तोंड लावून उभा राहिला. बाजूला झाला तेव्हा नव्या गिलाव्यावर लाल पट्टा उमटला होता. नाकातून रक्त येत होतं.

दवाखान्यात डॉक्टर मृणालींनी त्याच्या बोटांच्या बेचक्या उघडून दाखवल्या. "हे नवीन आहेत, काका."

"भिंत बुजवली मी. अख्खी."

"झोपतो कुठं?"

जानूभाऊंऐवजी प्रभावती म्हणाली, "गडग्यापाशी." डॉक्टर रागावल्या नाहीत. सुई दिली, सलाईन लावलं, आणि म्हणाल्या, "या वेळी रक्तच राहिलेलं नाही त्याच्यात." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जानूभाऊंना परतताना रिक्षात वाटलं.

मुकादम पडवीतच गेला, जानूभाऊंच्या पायाशी. त्याला काजूखाली पुरलं. मुंबईहून मुलाचा फोन आला, "दुसरा आणूया पप्पा." जानूभाऊंनी फोन प्रभावतीकडे दिला.

त्यानंतर ते पडवीत बसायचे ते अंगणाकडे तोंड करून. समोर गडगा होता. चिऱ्यांचा, सुका रचलेला, बिनमालाचा. त्यांच्या वडिलांनी रचलेला, पुढं त्यांनी वाढवलेला. तो धाकूच्या आवाराला जाऊन मिळायचा, तिथून विहाराच्या मागून उताराला लागायचा, आणि बागांबागांतून दिसेनासा होईपर्यंत जायचा. त्याला किती माल लागेल, हा हिशेब त्यांनी एकदाच मनात सुरू केला आणि सोडून दिला.

उन्हाळ्यात रस्त्यावरून एक काळं पिल्लू बेड्यातून, गडग्यातल्या फाटकातून, आत आलं आणि सरळ कठड्याखालच्या सावलीत बसलं. प्रभावती ताटलीत भात कालवून घेऊन आली.

"घालू नको. खाल्लं की र्‍हाईल."

"र्‍हाऊ दे की! डॉक्टरीण म्हणाली तसं औषध टाकू महिन्याच्या महिन्याला. ह्या वेळी मी टाकीन, तुमी नको."

"नि गडग्याला कोण टाकील?" जानूभाऊ काठी घेऊन उठले. "हितं नको. हितं जगायचं नाय ते."

पिल्लाला तो खेळच वाटला. काठीच्या टोकाला ते चावू लागलं. मग जानूभाऊंनी काठी जमिनीवर आपटली, पुन्हा आपटली, आणि जन्मात कुठल्या कुत्र्यावर ओरडले नव्हते तसे ओरडले. प्रभावती ताटली घेऊन आत निघून गेली. पिल्लू बेड्याबाहेर पडलं आणि गडग्याच्या कडेकडेनं चालू लागलं. थोडं पुढं जाऊन ते थांबलं, मागं वळून बघत राहिलं. जानूभाऊ बेड्यात उभे होते. त्यांनी काठी खाली केली नाही.