सासऱ्यांचं मशीन आणि माझं पुणं

चहा ओता आधी, कारण हा गाढवपणा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. आणि हात जोडतो, माझ्या बायकोसमोर हा विषय काढू नका. तिला अजून हसू येतं आणि मला घाम!

तर आमचे सासरे. मुक्काम फुलंब्री. गेली काही वर्षं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि एवढं सोडून बाकी सगळं त्यांना मान्य होतं. रेखानं, म्हणजे आमच्या बायकोनं, फोनवर काहीही विचारलं की ते "बरंय, ठेव" म्हणायचे. फोन ठेवून ती डोळे पुसायची.

शेवटी त्यांना इथं शहरात आणून कानाला मशीन बसवलं. कमी ऐकू येणाऱ्यांचं एक मंडळ दर रविवारी जमतं. मशीनची सवय कशी करायची ते तिथं एकमेकांना शिकवतात. मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) अट घातली, "जावईबापू संगं आले तर जाईन. नाय तर हे डबीत घालून परत देऊन टाका."

"येणार म्हणजे काय, येणारच!" मी म्हणालो. दिलदार माणूस ना मी!

मशीन मोबाइलला जोडायचं होतं. मामांचा फोन बटणांचा. मग काय, घरातले तंत्रज्ञ पुढे सरसावले, म्हणजे मीच. मशीन माझ्या फोनला जोडून घेतलं. दवाखान्यातल्या बाई कॉलबद्दल काहीतरी कळकळीनं समजावत होत्या. मी "हो हो, माहितीये" म्हणत आवाज कमी-जास्त करून बघत होतो.

शनिवारी मी गंभीर चेहरा करून जाहीर केलं, "उद्या पुण्याला जावं लागतंय. ऑफिसचं अर्जंट काम."

मामांचा चेहरा उतरला. त्यांचा हात मशीन काढायला कानाकडं गेलासुद्धा. रेखानं कसाबसा थांबवला. मला वाईट वाटलं हो! पण इथंच शहराला लागून, पडेगावच्या शेतावर माझा मित्र सलीम मटण शिजवणार होता. वाईट वाटण्यालाही काही मर्यादा असते.

संध्याकाळी सलीमचाच फोन आला. मी गॅलरीत गेलो, दार लोटलं, "हॅलो!"

पलीकडं चिडीचूप.

"सलीम? अरे, ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल!" काही नाही. "अजून मोठ्यानं!" कंपनीला शिव्या दिल्या, टॉवरला दिल्या, फोन कापून पुन्हा लावला. परत तेच! "ओरड की लेका! दातखीळ बसली का?"

आणि हॉलमधून मामांचा खणखणीत आवाज आला, "ओरडू नगा, सलीमभाई! मला लई झ्याक ऐकू यायलंय!"

मी फोन कानावरून काढून त्याच्याकडं बघितलं.

"रेखा, हे सलीम कोण गं? म्हणायलेत, पडेगावचं मटण पक्कं हाय. अन् विचारायलेत, पुण्याची थाप सासऱ्याला पटली का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सलीमचा आवाज माझ्या फोनमधून येतच नव्हता. तो थेट मामांच्या कानातल्या मशीनमध्ये जात होता. बाई हेच तर सांगत होत्या! मी घसा फोडून सलीमला ओरडायला लावत होतो, आणि तो बिचारा दर वेळी माझं पाप आणखी मोठ्यानं मामांच्या कानात ओतत होता.

मान खाली घालून आत गेलो. आता मशीन डबीत जाणार, रेखा पुन्हा डोळे पुसणार, आणि सगळं माझ्यामुळं. पण मामा बघतो तर लग्नघरातल्यासारखे खूश!

"एक शबुद चुकला नाय, पोरी! हे मशीन मी आता फक्त झोपताना काढीन."

रेखा हसत होती आणि रडतही होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. त्याबद्दल नको बोलायला.

"जावईबापू," मामा म्हणाले, "पुण्याची गाडी कितीला हाय?"

रविवारी तिकडं सलीम मटणाचे फोटो पाठवत होता आणि इकडं मी मंडळात सतरंजीवर बसलो होतो. मामांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे जावाई. यांना ऐकू येत नाय."

समोरच्या आजी माझ्याजवळ सरकल्या. अगदी तोंडासमोर तोंड आणून, सावकाश, मायेनं विचारलं, "घाबरू नका, होते सवय. कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत मामांनी उत्तर दिलं, "दवाखान्यातल्या बाईनं मशीन समजावून सांगितलं ना, त्या दिवसापासून!"

सगळं मंडळ खो खो हसलं. मी? ऐकूच आलं नाही असा चेहरा करून बसलो.