ताटाची डावी बाजू

ताटाच्या बाबतीत आमच्या आईचा कायदा फार कडक होता. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी आणि वरण उजवीकडे. भात मधे. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बालाघाट मध्यप्रदेशातच राहिलं, तेव्हापासून तर हा कायदा आणखी आवळला गेला. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, घरात आम्ही भावंडंही आपसात हिंदीच फेकायचो. निदान ताट तरी मराठी राहू द्या, असं तिचं म्हणणं. कटंगीहून लग्न होऊन आलेल्या वहिनीने पहिल्याच दिवशी चटणी उजवीकडे वाढली. पुढे कित्येक वर्षं आई हे आल्यागेल्याला रंगवून सांगत असे. वहिनी ते ऐकून घेई आणि चटणी डावीकडे वाढत राही.

मी तेव्हा गावातल्याच शाळेत शिकवत होते. एका सकाळी आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती आणि सूप अचानक डावीकडे कलंडलं. तांदूळ सांडले, पण ती उजव्या हाताने सूप हलवतच राहिली. डाव्या हाताने सूप सोडलंय याचा तिला पत्ताच नव्हता. आम्ही तिला सायकलरिक्षात घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथले डॉक्टर हिंदी बोलणारे, वयस्क आणि जरा तिरसट होते. पण मेंदूचा विषय निघाला की माणूस खुलायचा. मानेतून पुढच्या बाजूने दोन आणि मागून मणक्यांमधून दोन अशा चार नळ्या रक्त घेऊन वर जातात, मेंदूच्या तळाशी त्यांची एक कडी होते आणि त्या कडीतून एकेका भागाकडे एकेक नळी निघते, असं त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. तुमच्या नहराच्या पाण्यासारखं समजा, म्हणाले. एक पाट बुजला की त्याच्यावरची धानाची बांधी वाळते, बाजूची हिरवीच राहते. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते; आईची उजव्या बाजूची मोठी नळी बुजली होती, म्हणून डावा हात गेला होता. पुढची नळी बुजली असती तर हातापेक्षा पाय जास्त गेला असता. मागची बुजली असती तर डोळे धड असूनही दिसलं नसतं. मी शिकलेली बाई, पण आपल्या डोक्यात असलं पाणीवाटप चालतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

समोरच्या खाटेवर परसवाड्याची एक बाई होती. तिची डावीकडची नळी गेलेली. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. तिला सगळं कळायचं, पण तोंडातून फक्त ‘हौ’ निघायचं. पाणी नको असलं तरी मान हलवत हौच म्हणायची, आणि मग स्वतःच रडायची. आई मात्र घडाघडा बोलत होती. बोलणं शाबूत म्हणजे डोकं शाबूत, असं आम्ही धरून चाललो आणि तिला घरी आणलं.

खाट मधल्या खोलीत टाकली. रस्त्याचं दार तिच्या उजवीकडे आलं आणि स्वयंपाकघराचं डावीकडे. वहिनी त्या दाराशी, खाटेला लागून, हातात पंखा घेऊन बसायची. आई तोंड सदा रस्त्याकडे करून पडलेली. वहिनीने डावीकडून विचारावं, पाणी देऊ काय, आणि आईने उजवीकडे बसलेल्या मला म्हणावं, दे. एकदा तिने स्वतःचाच निर्जीव हात दुसऱ्या हाताने चाचपला आणि मला म्हणाली, “हा सुनेचा हात हाये. तिले म्हण, माझ्या अंथरुणातून काढ.”

मग तक्रारी सुरू झाल्या. सून चटणी वाढत नाही, मिठाचा खडाही देत नाही, जवळ बसत नाही, तोंडसुद्धा दाखवत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण हे ऐकून जायचा. ताट उचलताना चटणी तशीच दिसायची, तर आमचे बंधुराज म्हणाले, जेवण झाल्यावर ठेवली असंल तिनं. भाताचाही डावा भाग जसाच्या तसा राहायचा, त्याला आम्ही भूक कमी झाली म्हणत होतो. वहिनी मला एवढंच म्हणाली, “मी त डावीकडंच वाढतो, जशी त्यायनं शिकवली तशी.” शेवटी भावाने जाहीर केलं की येत्या रविवारी तिला कटंगीच्या बसमध्ये बसवून देणार. ज्या घरात सासूला मीठ मिळत नाही त्या घरात अशी सून नको. बस तिच्या गावात पोचायच्या आधी बदनामी पोचली असती, आणि मग तिला परत कोण आणणार होतं? मला भावाचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

औषध आणायला गेले तेव्हा मी हे गाऱ्हाणं डॉक्टरांपुढे ओकलं. मला वाटलं, घरची भांडणं म्हणून झटकतील. ते उठून उभेच राहिले आणि नेमके जेवणाच्या वेळी आमच्या घरी आले.

आईने उजवीकडची भाजी संपवली, अर्धा भात संपवला आणि म्हणाली, “पाहा डॉक्टरसाहेब, चटणी नाही.” डॉक्टर वाकले आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली. आईने चटणीकडे पाहिलं, बोट लावलं, चाखली.

“आता वाढली,” ती म्हणाली. “सांगतल्याबिगर नाही वाढत.”

डोळे धड होते, चटणी समोर होती, पण डावीकडे काही असतं हेच तिच्या मेंदूतून पुसलं गेलं होतं. अर्धं जग गेलं होतं आणि तिला काहीच कमी पडलेलं नव्हतं, फक्त चटणी. मी आजही जेवायला बसले की कधीकधी डावीकडे निरखून पाहते.

डॉक्टरांनी विचारलं, बहू कहाँ बैठती है? मी दाराशी बोट दाखवलं. वहिनी तिथेच होती, पंखा घेऊन. त्यांनी भावाला खाट फिरवायला सांगितलं. आम्ही दोघांनी आईसकट खाट उचलून उलट दिशेला ठेवली. स्वयंपाकघराचं दार आता तिच्या उजवीकडे आलं.

आईची नजर दाराशी गेली आणि तिथे थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती सुनेकडे पाहत होती, आणि चेहरा एकदम सैल झाला.

“कवाची येऊन बसली तू?” तिने विचारलं.

भाऊ खाली पाहत उभा होता. वहिनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“आत्ताच आली, आत्याबाई,” ती म्हणाली, आणि पंखा हलवत राहिली.