सासुरवाडीचा बोकड

तेरहून धाराशिवला जाणाऱ्या बसमध्ये तो मला नेहमी भेटतो. मटणात जनावराला दिलेल्या औषधांचा अंश उरलाय का, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो नमुने पोचवतो. मांडीवर बर्फाचा डबा असतो. कुणी विचारलं की सांगतो, "मटण हाय, पण खायचं न्हाय." स्वतः मात्र मटणाचं नाव निघालं तरी ओठांवरून जीभ फिरवतो.

गेल्या महिन्यात त्यानं मला अणदूरला सासुरवाडीच्या जेवणाला नेलं. बोकड कापायची तयारी झाली होती. त्यानं बोकडाच्या मानेवरची गाठ चाचपली.

"मामा, ह्याला सुई कधी टोचली?"

"परवाच. लई खोकत व्हता," सासरे म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. औषध अजून अंगात हाय."

"पावणे दारात बसल्यात, जावईबापू! माझी अब्रू घालवता व्हय?"

"शिव्या मला द्या. पण हे मटण वाढू द्यायचा न्हाय."

त्यानं स्वतःच बोकड गोठ्यात नेऊन बांधला.

पाव्हण्यांना पिठलं-भाकरी मिळाली. त्याच्याशी कुणी बोलेना. मीही मनातून चरफडत होतो. शेवटी सासरेच त्याच्या ताटात पिठलं वाढायला आले.

"ह्याला सुई दिलेली न्हाय," ते म्हणाले, "जेवा बिनघोर."

आधी तो हसला, मग सगळी पंगत.