हिटर काहून गरम होत नाही

बटन लाल खुणेपर्यंत फिरवलं तरी गाडीत थंड हवाच यायची. पंखा चालत होता, आवाज बरोबर होता, पण हवा मोर्णा नदीच्या काठावरची. बायको गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. ती असती तर ओरड तिनंच केली असती. आमच्यात वाटणी होती, एसी माझा आणि हिटर तिचा.

हिटर चालणं यंदा जरुरीचं होतं. बायकोची मोठी बहीण, आम्ही बाई म्हणतो, आमच्याच गावात जुन्या शहरात राहते. त्यांना आम्ही दोघं दर हिवाळ्यात गाडीनं रिद्धपूरला दर्शनाला न्यायचो, त्यांचं माहेर महानुभाव पंथातलं. बाईंना दमा आहे, गार हवा लागली की छाती भरते. यंदा बहीण नाही, तरी त्यांना जायचं होतं, आणि मलाही न्यायचं होतं. फोनवर मी खरं ते सांगून टाकलं.

"हिटर बंद हाय, बाई."

"मंग राहू द्या, जवाईबुवा. पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली तुमी असान का?"

"तुमी असले तरी लय झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शाळेत फार गेलो नाही. जन्मभर डिझेल इंजिनावर पिठाची चक्की चालवली. एखादी वस्तू बंद पडली तर काहून पडली, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. ही गेल्यापासून तसंही जात नव्हतं, पण ते वेगळं.

आधी मी चुकलोच. हिटर म्हणजे आत लाल होणारी तार असेल, आंघोळीच्या पाण्याच्या हिटरसारखी, असं धरून फ्यूज तपासत बसलो. सगळे साबूत. मग आठवलं, गाडी चालू केल्याबरोबर हिटर कधीच गरम येत नव्हता. ही हात चोळत म्हणायची, "तुमच्या गाडीले जाग तर येऊ द्या." इंजिन तापायचं, काटा वर चढायचा, तेव्हा कुठं हवा गरम व्हायची. म्हणजे तार नव्हतीच. गरमी इंजिनाची होती.

इथं मला माझी चक्की आठवली. इंजिन थंड ठेवायला त्यात पाणी फिरायचं आणि ते ऊन होऊन टाक्यात पडायचं. हिवाळ्यात दळणाला आलेल्या बाया त्यात हात बुडवून उभ्या राहायच्या. ही तर त्याच पाण्यानं भांडी घासायची. गाडीतही तोच कारभार. इंजिनातलं ऊन पाणी डॅशबोर्डाच्या मागं एका लहान जाळीत येतं, पंखा त्या जाळीतून हवा फेकतो, पाणी परत इंजिनात जातं. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं, याची मौज वाटली. तिला सांगावं म्हणून घराकडे वळलोसुद्धा.

आता अडतंय कुठं? पाणी निशाणीपर्यंत होतं. काटा नेहमीच्या जागी येत होता, म्हणजे इंजिन तापत होतं. जाळीत कचरा बसला असेल म्हणून बॉनेट उघडून नळ्यांचा माग काढला. इंजिनातून निघालेली रबरी नळी इतकी तापलेली, की हात ठेववेना. पण ती आत जायच्या ऐवजी वाटेतच वळून परत इंजिनाला लागली होती. आत जाणाऱ्या दोन तोंडांना बुचं मारलेली, वरून पट्ट्या आवळलेल्या. बिघाड नव्हताच. कोणीतरी पाण्याची वाट फिरवली होती.

गाडी मिस्त्रीकडे नेली. "हे कोण्या गाढवानं केलं?"

"म्याच केलं, काका," तो म्हणाला. "मे महिन्यात. आपल्या इकडं लय गाड्यांचं करतो. बटन बंद असलं तरी त्या जाळीची गरमी आत झिरपते. म्हणून उन्हाळ्यात नळी फिरवाची, हिवाळ्यात पुन्हा लावाची."

"मले न विचारता?"

"काकूनं सांगितलं ना! एसीचा गॅस भरायले तुमी गाडी ठेवून बजारात गेले, त्या इथंच बसल्या होत्या. म्हणे, यांच्या पायाले लय चटके बसतात, ते हिटरचं बंदच करून टाक. मी म्हटलं, काकू, थंडीत तुमाले लागन. तं म्हणे, दिवाळी झाली की खोलू."

दिवाळीआधीच ती गेली.

"लाव," मी म्हटलं.

"इंजिन थंड होऊ द्या."

मी तिथंच थांबलो. मे महिन्यात पाय भाजायचे, हे खरं. मी कधी बोललो नव्हतो. चप्पल काढून एक पाय दुसऱ्यावर घासायचो, एवढंच.

निघायच्या दिवशी सकाळी बाई स्वेटर, शाल, कानाला रुमाल अशा आल्या. "दंडवत प्रणाम. गरम येते ना?" सवयीनं मागचं दार उघडू लागल्या.

"समोर बसा, बाई. गरम हवा समोर येते."

त्या थोडं थांबल्या, मग बहिणीच्या जागी बसल्या.

मूर्तिजापूर गेल्यावर मी त्यांना नळीची गोष्ट सांगितली. "मले काहून सांगितलं नसन तिनं?"

"सांगून तुमी काय केलं असतं? म्हटलं असतं, मले काई होत नाही. मंग ती बोलली असती, तुमी बोलले असते, अन् नळी राह्यली असती तशीच." त्यांनी कानाचा रुमाल सैल केला. "लहानपणापासून तशीच ती. माह्या वाट्याचं झाडणं गुपचूप उरकून ठेवे, अन् मंग आईसमोर मलेच आळशी म्हणे."

अमरावती येईपर्यंत बाईंनी शाल काढून मांडीवर घेतली होती. माझ्या पायांशी मे महिना आला होता. चप्पल काढून मी एक पाय दुसऱ्यावर घासला. बाईंनी पाहिलं.

"कमी करा ते. तुमचे पाय भाजून राहिले."

"तुमची छाती कशी हाय?"

"मोकळी हाय."

"मंग राहू द्या. मले काई होत नाही."

बाईंनी हात लांब करून बटन थोडं मागं फिरवलं. मला विचारलं नाही.