तळघरातल्या टाक्या

पुण्याच्या ब्रुअरीत मी एकटीच बाई होते. माल्टची पोती उचलून, टाक्या घासून बीअर बनवायला शिकले आणि मग आपल्या जिल्ह्यात परतले, सडक अर्जुनीजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलात. मालकाने तिथे छोटी ब्रुअरी घातली होती. बाबा लोकांना सांगत, पोरगी थंड पेयांच्या फॅक्टरीत आहे. आई विषय बदलत असे.

उन्हाळा झेपावा म्हणून टाक्या तळघरात होत्या. आंबण्याचा वास वर जेवणाऱ्यांना येतो म्हणून मालकाने झरोके विटांनी बुजवले, पंखा बंद करायला लावला. मी हरकत घेतली. आंबताना सुटणारा वायू जड असतो, जमिनीलगत साचतो, माणूस गुदमरतो, हे समजावलं. तो म्हणाला, पुणे में होता होगा.

झाडलोट करणाऱ्या काकू रोज सकाळी तळघराच्या शेवटच्या पायरीवर दिवा लावायच्या. एके दिवशी त्या धापा टाकतच वर आल्या. काडी खाली नेली की विझत होती.

"देवाले हे काम आवडून नाही राहिलं," त्या म्हणाल्या.

मी दार अडवलं आणि मालकाला बोलावलं. तो हसला, मला बाजूला सारून काडीपेटी घेऊन उतरला. दिव्याशी वाकला तो उठलाच नाही.

स्वयंपाकी धावला. मी त्याचा शर्ट धरला. "उतरू नको. तूही पडशील."

वरूनच पंखा सुरू केला, हॉटेलातल्या पोरांना झरोक्यांच्या विटा फोडायला लावल्या. शेजारच्या धाब्यावर थांबलेल्या ट्रकवाल्याचा दोर कमरेला बांधला, श्वास रोखून उतरले. मालकाच्या काखेत हात घातले आणि वरच्यांनी आम्हा दोघांना ओढलं. छाती फुटेल असं वाटत होतं. त्याचे ओठ निळे पडले होते.

तो वाचला. गावात मात्र बोललं गेलं की दारूवाल्या बाईचा पायगुण वाईट. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, घरी परत कधी येतेस.

झरोके काही महिने उघडे राहिले. थंडीत गिऱ्हाईक वाढलं, वासाची तक्रार आली आणि एका सोमवारी मी पोचले तेव्हा गवंडी सिमेंट कालवत होता. मालक शेजारी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता.

त्याच दिवशी मी नोकरी सोडली. काकूंना म्हटलं, तुम्हीही सोडा, पुण्याला काम बघते.

"माहं घर अठीच आहे, बाई," त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन खाली उतरू लागल्या.