उचललेला भंडारा

बानाबाई आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढल्या आणि जिंकल्या.

शेंद्र्याच्या कंपन्या सुरू झाल्या तशी करमाडच्या रस्त्याकडेच्या जागेला एकाएकी भाव आला. नवरा मल्हारराव जाऊन वर्षही सरलं नव्हतं, तोच धाकटा दीर कडुबा यानं बानाबाईंच्या नावावरच्या, मेंढरं बसवायच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या खोल्या ठोकल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. कोर्टानं निकाल दिला: खोल्या काढा, ताबा बानाबाईंना द्या.

त्याच संध्याकाळी कडुबा दारात उभा. हातात बेलाची पानं आणि मूठभर भंडारा.

"वैनी, खंडोबाची आण घेतो. जागा तुमचीच. फकस्त माझ्या सत्यशीलाचं लगन होऊ द्या, मंग माझ्या हातानं पत्रे काढतो. बेलीफ दारात आला तर सोयरे पोरीला पाहायलाबी यायचे नाय."

वकिलांनी बजावलं होतं, की नुसता निकाल पुरत नाही. आता दरखास्त लावा, म्हणजे कोर्टाचा माणूस येऊन ताबा देईल. पण बानाबाईंचं मन होईना. "ज्यानं देवाचा भंडारा उचलला, त्याच्यावर बेलीफ आणायचा? म्हंजी देवालाच खोटं पाडायचं." त्यांनी निकालाची घडी देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाखाली ठेवली. दर दसऱ्याला तिलाही हळदकुंकू व्हायचं.

सत्यशीलाचं लग्न झालं. मग तिचं पहिलं बाळंतपण आलं, मग कडुबाची बोअर आटली, मग त्याचं पोटाचं ऑपरेशन निघालं. दर खेपेला तो म्हणायचा, "एवढं उरकू द्या, वैनी." मेंढरं तर बानाबाईंनी केव्हाच विकली होती. मुलगा शिवशंकर शेंद्र्याला कामाला लागला आणि परक्याच्या खोलीत राहू लागला. "आई, काकालाच भाडं देऊ का? आपल्याच जागेत तरी निजंन," असं तो हसत म्हणायचा. बानाबाईंना ते हसणं लागायचं.

यंदा त्याला स्थळ आलं. मुलीकडच्यांनी पहिलं विचारलं, स्वतःची जागा आहे का? तेव्हा त्यानंच टाकाखालची घडी काढली आणि आईला घेऊन शहरातल्या एका वकीलबाईंकडे गेला.

बाईंनी तारखेवरचं कुंकू पदरानं पुसलं आणि तारीख पुन्हा एकदा वाचली.

"मावशी, हुकूम तुमच्याच बाजूचा आहे. पण तो अमलात आणून घ्यायला बारा वर्षं मिळतात. तुमची श्रावणातच संपली."

"संपली म्हंजी? निकाल काय दूध हाय, नासायला?"

"तसंच समजा. आता दरखास्त चालणार नाही. आणि त्याच गोष्टीसाठी नवा दावाही नाही."

बानाबाई पदराचं टोक पिळत हळूच म्हणाल्या, "त्याला हे ठाऊक आसंल का हो, बाई?"

उत्तर त्यांना कडुबाच्या ओट्यावर मिळालं.

"मी कुठं आण मोडली, वैनी? जागा तुमचीच म्हणलो व्हतो. आजबी म्हणतो."

"मंग द्या की."

"कोर्टाचा माणूस आणा, देतो," कडुबा सुपारी कातरत म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून कोर्टाचं नाव निघालं ते आज.

चंपाषष्ठीला सगळी भावकी शहरालगतच्या सातारा गावी खंडोबाला जमली. तळी उचलली. घरात थोरली म्हणून सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावायचा मान बानाबाईंचा. येळकोटाच्या गजरात एकेक जण वाकत होता. कडुबाही वाकला, डोळे मिटून, अगदी भाविकासारखा.

बानाबाईंची चिमूट त्याच्या कपाळापाशी थांबली. लावला तर देवासमोर खोटेपणा. नाही लावला तर भावकी दुभंगणार. ती दुभंगू नये म्हणून तर इतकी वर्षं गेली होती.

त्यांनी भंडारा परत ताटात सोडला.

"तुमच्याकडं आधीचाच हाय, भाऊजी. तो फिटू द्या. मंग नवा लावते."

गजर मागच्या रांगेत चालूच राहिला, पुढच्या रांगेत विरला. कोरडं कपाळ घेऊन कडुबा तसाच वाकलेला होता.

परतताना शिवशंकरनं विचारलं, "आई, मुलीकडच्यांना काय कळवू?"

"जागा नाय म्हणून कळव," बानाबाई म्हणाल्या. बोटांना लागलेला पिवळा रंग त्यांनी घरी पोचेपर्यंत पुसला नाही.