पुसण्याआधी काय लिहावं

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मराठी मंडळाच्या यादीतून मला काढून टाकण्यात आलं, तेही मी समोर बसून चहा पीत असताना. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही दोघं मुलं नुसतीच हसलात, म्हणून आता क्रमाने लिहिते.

मंडळाची नवी सेक्रेटरी फरीदाबादच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम पाहते. तिने मंडळासाठी एक एआय एजंट बसवला. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. हाताशी असलेल्या साधनांपैकी कोणतं उचलायचं ते तो प्रत्येक साधनाचं वर्णन वाचून ठरवतो. पत्रं पाठवायचं एक साधन, सभागृहाच्या तारखा पाहायचं दुसरं, नोंदी पुसायचं तिसरं, आणि सभासदांची यादी दाखवायचं चौथं. वर्णनं इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी चांगलं आहे अशी मंडळात समजूत आहे, म्हणून ती तपासायला घेऊन आली.

तिसऱ्या साधनाचं वर्णन एवढंच होतं: जुनी, निरुपयोगी माहिती साफ करतं.

निरुपयोगी कोणी ठरवायचं, मी विचारलं. ती म्हणाली, काकू, तो हुशार आहे, बिल्कुल समजून घेतो. मी चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळली. समजून घेणारे कारकून मी पाहिले आहेत. एकाने सगळ्या फाटक्या फायली निरुपयोगी समजून रद्दीत दिल्या. त्या फाटल्या होत्या, कारण साहेब लोक रोज त्याच मागवायचे.

सुदैवाने तिच्याकडे सगळ्या नोंदींची नक्कल होती. त्या नकलेवर मी एजंटला मुद्दाम आपल्याकडे कोणीही सांगेल तसं सांगितलं: गणपतीच्या आधी यादी जरा आवरून ठेव.

त्याने दोन मिनिटांत आवरली. तीन वर्षांत एकाही कार्यक्रमाला न आलेले सगळे सभासद त्याने पुसले, त्यांच्या नावाखालचे फोटो आणि ध्वनिफितींसकट. माझे गुडघे तीन वर्षं मला मंडळाचा जिना चढू देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात मीही होते. सेक्रेटरी सॉरी सॉरी करत राहिली. मी म्हटलं, आता सभासद नसलेल्या बाईच्या घरचा चहा तरी संपव.

मग मी पुसलेली नावं वाचायला घेतली आणि माझं हसू थांबलं. आपल्या मंडळात वारलेल्या माणसाचं नाव कोणी खोडत नाही. तसा नियम नाही, पण कोणाचा हात धजत नाही. कॉम्प्युटरला मात्र हा माणूस यायचा बंद झाला, एवढंच दिसतं. लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल, तुम्हाला पाढे म्हणायला लावायची ती. तिचे यजमान गणेशोत्सवात माइकवरून सूचना द्यायचे. त्यांच्या आवाजाच्या सहा फिती उरल्या आहेत, त्या मंडळाच्या साठ्यात. तिच्या घरी एकही नाही. नकलेतून त्या सहाही पुसल्या गेल्या होत्या.

सेक्रेटरी हळूच म्हणाली, "यार काकू, हे मी उद्या खरोखर चालवणार होते."

मग आम्ही लिहायला बसलो. शेवटी जे ठरलं ते मराठीत असं: "हे साधन सभासदाची नोंद आणि त्याच्या नावाखालचे फोटो व ध्वनिफिती कायमच्या पुसतं. पुसलेलं परत आणता येत नाही. माणसाने नावं घेऊन सांगितलेल्या सभासदांसाठीच वापरावं. आवर, साफ कर, एवढंच सांगितलं असेल तर वापरू नये. आधी यादी दाखवणारं साधन वापरावं आणि विचारावं. कार्यक्रमाला न येणं हे नाव काढण्याचं कारण नव्हे."

"काकू, हा तर निबंध झाला."

"वाचू दे की. त्याला कुठे स्वयंपाक करायचाय?"

नंतर तिने स्वतःहून एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. वर्णन ही शेवटी सूचनाच. एजंट चुकू शकतो. म्हणून तिने साधनालाच कुलूप घातलं: दोन जणांच्या मंजुरीशिवाय ते चालत नाही. आमच्या रेकॉर्ड रूममध्येही यादी करणारा फायली नष्ट करायच्या कागदावर सही करत नसे.

खऱ्या नोंदींवर काम करायच्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा माझ्या घरी आली आणि मी तेच वाक्य पुन्हा टाकलं. एजंटने तीन वर्षांत न आलेल्यांची यादी दाखवली, काहीही पुसलं नाही, आणि यातली कोणती नावं काढू, असं विचारलं. मी मैत्रिणीला फोन लावला आणि सांगितलं, तुझ्या यजमानांचं नाव यादीत आलंय, तुला विचारल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

 ती म्हणाली, "तुझंही आहे का?"

"आहे."

"मग तुझं काढा. यांचं राहू दे."

फिती नक्की आहेत ना, असं तिने दोनदा विचारलं. सेक्रेटरीने उत्तर न देता पहिली फीत फोनजवळ धरून लावली. खरखर झाली आणि तिच्या यजमानांचा आवाज आला: "पुढच्या रांगेला नम्र विनंती, नाटक संपेपर्यंत वड्यांची पुडकी उघडू नयेत. आमचा राजा सकाळपासून उपाशी आहे."

पलीकडून हसू ऐकू आलं. मग ती म्हणाली, "पुढची लाव." आम्ही सहाही लावल्या. तोवर सेक्रेटरीची घरी जायची वेळ झाली, आणि यादीला मंजुरी द्यायची ती अजून राहिलीच आहे.